'नाही' शेवटी नाही

आमच्या पेपरात एके काळी चौदा माणसं कामाला होती आणि त्यातल्या तेरा जणांना चौदाव्या बाईंची भीती वाटायची. संपादकांनाही वाटायची, फक्त ते केबिनचं दार लावून घाबरायचे. बाई मुद्रितशोधक होत्या. पान छापायला जाण्याआधी अक्षर न् अक्षर वाचायचं आणि चुका लाल पेनाने काढायच्या, हे त्यांचं काम. त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणायचे. कोणी कागद घेऊन टेबलासमोर उभा राहिला की मान वर न करता त्यांचा पहिला प्रश्न यायचा, "पहिली की दुसरी?" एका वार्ताहराने त्यांना स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली, तर तिच्यातल्या चार वेलांट्या सुधारून बाईंनी ती तिथल्या तिथे परत केली आणि वर म्हणाल्या, "अभिनंदन. पुन्हा छापून आणा."

मी पानं लावायचो. बातमी कुठे बसवायची, मथळा किती मोठा, फोटो किती कापायचा, हे माझ्याकडे होतं. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून मी पट्टीवाले. आता बसथांब्याजवळ माझं रबरी शिक्के आणि व्हिजिटिंग कार्डांचं दुकान आहे. शिक्क्यात चार ओळी असतात आणि त्याही गिऱ्हाईकच सांगतं. त्यात कसली आलीय मजा.

बाईंची गोष्ट सांगायची तर आधी माझी एक चूक सांगावी लागते. एकदा वादळाच्या अफवेने शाळांना सुट्टी आहे असं गावभर झालं. शिक्षणखात्याने खुलासा पाठवला. वार्ताहराने मथळा दिला, 'उद्या शाळा बंद नाहीत'. माझ्या कॉलमात तो एका शब्दाने जास्त होत होता. मी घाईत होतो. शेवटचा शब्द उडवला आणि पान सोडलं. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. दुसऱ्या दिवशी गावात एकही पोर शाळेत गेलं नाही आणि मास्तर लोक रिकाम्या वर्गात बसून आमचा पेपर वाचत होते.

बाई कामावर आल्या तेव्हा ओरडल्या नाहीत. मला समोर बसवून म्हणाल्या, "पट्टीवाले, आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. आणि तुमच्यासारखे लोक कात्री नेहमी शेवटालाच लावतात. म्हणजे चूक भाषेची नाही, तुमचीही नाही, दोघांची गाठ पडली की होते." मग एका कोऱ्या कार्डावर त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं, "मथळ्यात 'नाही' शेवटी नाही", आणि ते कार्ड भिंतीवर चिकटवलं. तेव्हापासून आमच्याकडे शाळा 'बंद नाहीत' असं कधी झालं नाही, 'सुरू' असं झालं. माणूस 'दोषी नाही' असं झालं नाही, 'निर्दोष' झालं. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी ते कार्ड दाखवायचे, मग पाण्याचा माठ.

मग पेपर विकला गेला. नवे मालक चार तासांच्या अंतरावरच्या मोठ्या शहरात बसतात. त्यांनी अकरा गावांचे अकरा पेपर घेतले आणि सगळ्यांची पानं एकाच ठिकाणी लावायची ठरवली. ज्यांनी आमचं गाव नकाशातही पाहिलेलं नाही, ते आमच्या गावाचे मथळे लावायला लागले. आम्हाला एका दुपारी हॉलमध्ये बोलावून पुष्पगुच्छ दिले. चौदांतला एक वार्ताहर उरला, तोही अर्धा दिवस जाहिराती गोळा करतो. संपादकांच्या जागी आवृत्तीप्रमुख नावाचा एक गृहस्थ आला. त्याच्याकडे तीन गावं, त्यामुळे तो कुठल्याच गावात नसतो. कार्यालयाचा अर्धा मजला भाड्याने गेला. बाईंच्या खोलीत दातांचा दवाखाना आला. बाई म्हणाल्या, "बरंय, खोलीतली उपटाउपटी चालू राहिली."

पेपर मात्र रोज निघत राहिला आणि बाई तो रोज वाचत राहिल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर, हातात लाल पेन. आधी त्या फक्त वेलांट्या सुधारायच्या. मग त्यांच्या लक्षात आलं की वेलांट्या हे काहीच नाही. पालिकेच्या सभेला कोणी जातच नव्हतं. सभेत काय झालं हे नगराध्यक्षांचा माणूस फोनवर सांगायचा आणि तेच छापून यायचं, नमस्कारासकट. पहिल्या पानावर वाढदिवस आणि फिती कापणारे हात. बाई समासात एकच वाक्य लिहायला लागल्या, "कोण म्हणतं?" एकेका पानावर वीस-वीस वेळा. आठवड्याचे सात अंक पाकिटात घालून त्या आवृत्तीप्रमुखाच्या नावाने पाठवायच्या. उत्तर कधी आलं नाही. मी म्हणायचो, "बाई, कशाला पालथ्या घड्यावर पाणी?" त्या म्हणायच्या, "पत्र पोचलं नसेल."

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

बाईंचे यजमान पालिकेच्या पंपघरात पंपचालक होते. एकतीस वर्षं नोकरी. पाणी सोडायचं, त्यात औषध टाकायचं आणि वहीत वेळ लिहायची. अबोल माणूस. बाईंच्या घरी जेवढे शब्द बोलले जायचे त्यातले नव्वद टक्के बाईंचे. पण त्या माणसाला पेपरचं वेड होतं. पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. कोणी वाद घातला की त्यांचा शेवटचा मुद्दा ठरलेला, "पेपरात आलंय." मी एकदा चिडवलं, "पेपरात काय, आम्हीच छापतो." ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही छापता. पण ही तपासते ना."

गेल्या वर्षी गावाच्या एका भागात दूषित पाण्याने साठेक माणसं आजारी पडली. त्यात लहान मुलं होती. लोक चिडले, आणि चिडलेल्या लोकांना माणूस लागतो, पाइप चालत नाही. त्या भागाचे नगरसेवक फोनवर म्हणाले की पंपचालकाने औषध टाकलंच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पंपचालकांचा फोटो आला. ओळखपत्रावरचा, दचकल्यासारखा दिसणारा. ओळीने पाच दिवस पहिलं पान. पाच दिवसांत पंपघरात कोणी फिरकलं नाही, औषधाची वही कोणी उघडली नाही, ज्याच्यावर आरोप त्याला कोणी एक फोन केला नाही. अर्ध्या दिवसाचा वार्ताहर दुसऱ्या अर्ध्या दिवसात त्याच नगरसेवकांकडे वाढदिवसाची जाहिरात मागायला जात होता, तो तरी काय विचारणार?

पंपचालकांना घरी बसवलं. चौकशी समिती बसली. तिने रस्ता खणायला लावला, तेव्हा खाली कुजलेली जलवाहिनी सापडली. तिच्यात शेजारच्या गटाराचं पाणी शिरत होतं. औषधाची वही चोख होती, मिनिटामिनिटाची. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते ते थांबले. समितीने तसं लेखी दिलं. पालिकेने कामावर परत या असं पत्र दिलं. बाई मला फोनवर म्हणाल्या, "आज हे दोन पोळ्या जास्त जेवले."

ते मंगळवारी सकाळी कामावर जायला निघाले. वाटेत पेपर घेतला. बातमी सातव्या पानावर, चार ओळींची. मथळा असा:

'दूषित पाणी प्रकरणी पंपचालक दोषी'

खालचा मजकूर 'पंपचालकाने कामात कसूर केल्याचे समितीला आढळले' इथे संपत होता. पुढची ओळ वाढदिवसाच्या जाहिरातीखाली गेली होती. मूळ मजकुरात दोन्ही ठिकाणी 'नाही' होतं, आणि दोन्ही ठिकाणी ते शेवटी होतं. आपल्याकडे एका अक्षराने घात झाला की ध चा मा केला म्हणतात. त्याला निदान कोणीतरी अक्षर बदलणारा लागतो. इथे तेवढीही माणसं उरली नव्हती. मशीनने ओळ मोजली आणि कापली.

पंपचालक पंपघरापर्यंत पोचले नाहीत. कोपऱ्यावर एका बाईने त्यांना पाहून मुलाचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. एवढंच झालं. ते घरी परत आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसले. समितीचं पत्र बाईंनी त्यांच्यासमोर धरलं, तर म्हणाले, "ते आपल्या कपाटात आहे गं. लोकांच्या घरात हे गेलंय."

त्यानंतर त्यांनी बाहेर पडणं सोडलं. मग जेवण सोडलं. सोडलं म्हणजे ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि हात धुवायचे. तीन आठवड्यांत शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना दाराशी बाईंना म्हणाले, "औषध देऊ शकतो, भूक देऊ शकत नाही. असंच चाललं तर महिनाभराने मला बोलावून उपयोग नाही." मी तिथेच उभा होतो. बाईंनी विचारलं, "पेपरात दुरुस्ती आली तर?" डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. त्या माणसाचा जीव आता त्या सातव्या पानावर अडकला होता.

आम्ही दोघं कार्यालयात गेलो. दाराला कुलूप. समोर दातांच्या दवाखान्यात गर्दी. दवाखान्याच्या स्वागतिका आम्हाला पाहून म्हणाल्या, "पेपरवाले फक्त बुधवारी येतात. टपाल आमच्याकडे ठेवतात." आणि बाई थबकल्या. बाकांमधल्या टेबलावर त्यांचे अंक होते. लाल पेनाने तपासलेले, दोन वर्षांचे, नीट रचलेले. तोंडाला रुमाल लावलेले दोन पेशंट तेच वाचत होते.

"ते पाकिटं उघडतच नाहीत हो," स्वागतिका म्हणाल्या. "टाकून द्यायला सांगितलं होतं. मला जिवावर आलं. आमच्या पेशंटना आवडतात. लाल शाईतलं आधी वाचतात."

बाई भिंतीकडे पाहत होत्या. जिथे कार्ड होतं तिथे आता हिरवा रंग आणि हसऱ्या दाढेचं चित्र होतं. मला त्या क्षणी इतका राग आला की ती दाढच उपटावी असं वाटलं. बाई नुसतं म्हणाल्या, "बुधवार परवा आहे."

बुधवारी आवृत्तीप्रमुख भेटला. वाईट माणूस नव्हता, हेच वाईट. वाईट असता तर भांडता आलं असतं. डोळ्यांखाली काळं, टेबलावर तीन फोन, तिन्ही वाजत. त्याने कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. "हे बघा, आम्ही पाठवलेल्या मजकुरात 'नाही' आहे. दोन्हीकडे आहे. तिकडे बसवताना गेलं."

"तुमच्या कॉम्प्युटरात आहे, माझ्या घरात नाही," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती छापा. पहिल्या पानावर. पाच दिवस तिथेच छापत होतात."

त्याने फोन उचलला, ठेवला. "बाई, खरं सांगतो. दुरुस्ती लिहायला माझ्याकडे माणूस नाही. मी तीन गावं बघतो. तिकडे सांगितलं तर ते तक्रार क्रमांक देतात आणि महिना लावतात. तुम्हीच लिहून द्या. मी आहे तशी पहिल्या पानावर लावतो. शब्द देतो."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. सव्वीस वर्षांत मी त्यांना कोणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. "मी नको लिहायला. तुम्ही लिहा. चार ओळी लिहा, कशाही लिहा. वाटल्यास मी तपासते. पण चूक तुमची आहे, तुम्ही म्हणायला हवं. मी त्यांची बायको आहे हो."

"कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला, आणि दुसरा फोन वाजला.

आमचे जुने संपादक दुरुस्ती स्वतःच्या हाताने लिहायचे. म्हणायचे, चूक करायला पगारी माणसं आहेत, माफी मागायला मी आहे. आता चूक करायलासुद्धा माणूस उरला नव्हता. बाई उठल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "चला, तुमच्या दुकानात बसू. महिना थांबायला वेळ कुठे आहे?"

माझ्या दुकानात काउंटरवर त्यांनी चार ओळींसाठी चार तास घातले. लिहायच्या, खोडायच्या. 'ही चूक आमची आहे' या वाक्यापाशी पेन थांबायचं. "हे वाक्य माझ्या हातून येत नाही," म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिक्क्यांचा डबा उगाच पुसत बसलो. शेवटी झालं ते असं:

'दूषित पाणी प्रकरणात निर्दोष ठरले आहेत ते शहराचे पंपचालक. चौकशी समितीने तसा लेखी निर्वाळा दिला आहे; जलवाहिनी कुजल्याने तिच्यात गटाराचे पाणी शिरले होते. गेल्या महिन्याच्या अंकात आम्ही याच्या नेमके उलट छापले. ही चूक आमची आहे.'

'निर्दोष' पहिल्याच ओळीत. शेवटून किती कापलं तरी तो शब्द जाणार नव्हता. मथळाही एकाच शब्दाचा, 'निर्दोष'. कात्रीला जागाच नाही. मी ते माझ्या कॉम्प्युटरवर लिहून काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मला काहीतरी खटकलं.

"बाई," मी म्हणालो, "एखादी वेलांटी चुकवू या का? 'निर्दोष' नीट राहू दे, 'समिती' बिघडवू. दोन वर्षांत त्या पेपरात चार ओळी सलग शुद्ध आलेल्या नाहीत. हे त्यांचं वाटत नाही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळांना सुट्टी दिली तो दिवस आठवला. "पट्टीवाले, यांच्या नावाची बातमी आहे. त्यात मी मुद्दाम चूक ठेवू?"

त्या गेल्यावर मजकूर मी पाठवणार होतो. दुकानात मी एकटा होतो. बोट बटणावर होतं. 'समिती'तली दुसरी वेलांटी काढून पहिली टाकायची, एवढंच काम. नाही केलं. बाईंची भीती, दुसरं काय. चौदा जणांचा पेपर गेला, पण ती भीती माझ्याकडेच राहिली.

आवृत्तीप्रमुखाने शब्द पाळला. शुक्रवारी पहिल्या पानावर, मधोमध, चौकटीत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी सकाळीच दोन अंक घेऊन बाईंच्या घरी गेलो. मनात म्हटलं, आज हा माणूस जेवेल. बाईंनी मला बघूनच भाताचं पातेलं चढवलं.

पंपचालक खुर्चीत होते. दाढी वाढलेली, मनगट काठीएवढं. बाईंनी अंक त्यांच्या मांडीवर ठेवला. "अहो, बघा. पहिल्या पानावर आलंय."

त्यांनी चष्मा लावला. मथळा वाचला आणि चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. पाठ ताठ झाली. मग बोट ठेवून खालच्या ओळी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं. ते मागे आलं आणि पुन्हा तिथेच थांबलं. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"अर्धविराम आहे," ते म्हणाले.

बाई अंकाकडे वाकल्या.

"तिथे आता अर्धविराम कोण टाकतं गं? आणि एकही चूक नाही." त्यांनी अंक घडी करून शेजारच्या स्टुलावर ठेवला, हळूच, कोणाला लागू नये तसा. "छान लिहिलंयस."

"अहो, पेपरात आलंय ना. सगळ्यांच्या घरात गेलंय. लोकांना काय कळतंय कोणी लिहिलं?"

"लोकांना नाही कळत. मला कळतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी निर्दोष आहे असं तू पहिल्या दिवसापासून म्हणतेस. मला वाटलं, आज दुसरं कोणीतरी म्हणालं."

आत भाताला उकळी आली आणि उतू गेली. गॅस बंद करायला मी उठलो, कारण बाई हलल्या नाहीत. मी ताट वाढून आणलं. त्यांनी दोन घास घेतले, ते माझ्यासाठी घेतले हे दिसत होतं, आणि हात धुवायला गेले.

मी निघालो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. त्यांच्या हातात दुसरा अंक होता आणि त्यातल्या चौकटीकडे त्या पाहत होत्या, चूक शोधताना पाहायच्या तशा. वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"पट्टीवाले, बुधवारी परत जाऊ त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. "म्हणू, चौकट लोकांच्या नजरेतून सुटली, अजून एक लावा. मजकूर या वेळी तुम्ही लिहा."

"मी? बाई, माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. लाल पेन त्यांनी माझ्या खिशात घातलं, पट्टी असायची तिथे. "घाईघाईत लिहा आणि तसंच पाठवा. मी तपासणार नाही."